गाठोड्यावरचं बाळ

लोकांना फोटोतून काय काय काढून हवं असतं, ते आमच्या स्टुडिओत येऊन बसल्याशिवाय कळायचं नाही. विजेचा खांब काढा. मागून चाललेलं कुत्रं काढा. पोट काढा म्हणणारे तर रोजचेच. एका लग्नाच्या फोटोत मागच्या खिडकीत नवऱ्याचा धाकटा भाऊ दात घासत उभा होता, त्याला काढला. एका बाईंनी सासूबाईंना काढायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी धावत आल्या, "परत घाला हो, त्यांना फोटो बघायचाय." मी म्हटलं, "बाई, हा फोटो आहे, उंबरठा नव्हे, सारखं आत-बाहेर करायला." मी तोंडाची फटकळ आहे. नवरा म्हणतो, गिऱ्हाइकं तुझ्या कामासाठी येतात आणि तुझ्या तोंडामुळे पटकन जातात, म्हणून आपल्याकडे कधी गर्दी होत नाही.

स्टुडिओ सासऱ्यांचा. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही. आता ते काम करत नाहीत, पण रोज इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरशेजारच्या खुर्चीत येऊन बसतात आणि माझ्या कामात खोड्या काढतात. त्यांच्या काळात फोटोतून काही काढायचं म्हणजे उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, भिंग डोळ्याला लावून, टोकदार पेन्सिलीने आणि बारीक ब्रशने काढायचं. गालावरची माशी उडवायला अख्खी सकाळ जायची. मग मी आले, संगणक आला, आणि शेजारच्या भिंतीचा तुकडा उचलून खांबावर डकवायची विद्या मी शिकले. तिलाही बराच वेळ लागायचा. आता हे एआय आलंय. नको ते रंगवायचं, बटण दाबायचं, आणि चहाचा घोट गिळेपर्यंत ते गेलेलं असतं.

पहिल्यांदा ते वापरलं तो दिवस मी विसरणार नाही. एका शाळेच्या फोटोत दारासमोर नेमकी बस उभी होती. मी बस पुसली. मला वाटलं, तिथे धुरकट काहीतरी येईल. तिथे पायऱ्या आल्या. पायऱ्यांवर झाडाची सावली आली, आणि ती सावली प्रत्येक पायरीच्या कडेला बरोबर मोडलेली. मी हात मांडीवर ठेवून गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही आमच्या घरात बातमी असते. बसच्या मागे काय आहे ते कॅमेऱ्याने पाहिलं नव्हतं, मी पाहिलं नव्हतं. मग याला कुठून दिसलं? मोठ्या पाण्याच्या काठावर उभं राहिल्यावर जसं वाटतं तसं मला वाटलं. हे आपल्यापेक्षा फार मोठं आहे आणि आपण नुसते काठावर आहोत.

मी नानांना हाक मारली तर म्हणाले, "त्या डबड्यात डोकं घालायला मला बोलावू नकोस, सूनबाई. जे पाहिलंच नाही ते दाखवतो तो फोटोग्राफर नसतो, थापाड्या असतो." तेव्हापासून त्यांनी स्क्रीनकडे पाठ केली ती केलीच. खुर्चीसुद्धा रस्त्याकडे तोंड करून फिरवून घेतली.

टेलरबाई आल्या त्या दिवशी नाना दवाखान्यात डोळे दाखवायला गेले होते. टेलरबाईंचं दुकान आमच्याच रस्त्यावर, कोपऱ्याला. साठी कधीच उलटली, पण शिलाई मशीनवर पाय अजून तरण्या बाईसारखा चालतो. माझे सगळे कपडे त्यांनीच शिवलेत, आणि माप घेताना दरवेळी "वाढलीस हं" असा टोमणाही मारलाय. मी त्यांना मावशी म्हणते. त्या उगाच कुणाच्या दारात जाणाऱ्यातल्या नव्हेत, म्हणून मी जरा सावरूनच बसले.

"एक घाण काढून देशील?" असं म्हणत त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो काढला.

फोटो काळा-पांढरा, आता तपकिरी पडलेला. मधोमध एक बाळ. झालरींचा झगा, वटारलेले डोळे, एक मूठ तोंडात. बाळाच्या मागे आणि खाली भलंमोठं ओबडधोबड काहीतरी, वेलबुट्टीच्या काळपट पडद्यात गुंडाळलेलं. घर बदलताना कुणी अंथरुणं बांधून ठेवावीत आणि वर मूल बसवावं, असं. बाळाच्या पोटाजवळ पाण्याचा मोठा डाग पडला होता.

"ही मी," मावशी म्हणाल्या. "आणि हे गाठोडं. हे काढ."

"गाठोडं कसलं?"

"कुणास ठाऊक. आमच्या घरात सगळे गाठोडंच म्हणायचे."

मग त्या स्टुलावर टेकल्या आणि सांगायला लागल्या. मावशी वर्षाच्या व्हायच्या आतच त्यांची आई गेली. बाप लांब नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. मावशी काकूकडे वाढल्या. काकू वाईट नव्हती, पण चुलत भावंडं ती भावंडंच. हा फोटो त्यांच्या हाती लागला आणि झालं. तू आमची नाहीसच, तुला कुणीतरी गाठोड्यावर ठेवून गेलं होतं, हा बघ पुरावा. थोरली चुलत बहीण, मावशींहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी, ती तर अजून फोन उचलला की "काय गं गाठोडे" असंच म्हणते.

"गमतीत म्हणायचे गं," मावशी म्हणाल्या, "पण लहानपणी मला ते खरंच वाटायचं. बाकीच्या पोरांचे फोटो आईच्या मांडीवर. माझा गाठोड्यावर."

"आणि आईचा फोटो?"

"एकही नाही. ती कशी दिसायची ते मला माहीत नाही. काकूला विचारलं की म्हणायची, चारचौघींसारखी. आता चारचौघींसारखी म्हणजे कशी? मी रस्त्यात चारचौघींकडे बघत बसायचे." त्या हसल्या. मला हसता आलं नाही. "काकू एवढंच सांगायची, की हा फोटो काढायला आईच मला घेऊन गेली होती. एकटी, कुणाला न सांगता. मला त्याचाच राग येतो बघ. स्टुडिओपर्यंत गेलीस ना? मग बसायचं होतंस जरा शेजारी. काय बिघडलं असतं? पण नाही. मुलीला दिलं ठेवून गाठोड्यावर आणि आपण उभी राहिली असेल कुठेतरी बाजूला."

मावशींच्या लेकीने नवं घर घेतलं होतं, आणि तिथल्या भिंतीवर आजी, आई आणि नात अशा तिघींचे लहानपणचे फोटो लावायचे होते. "नात विचारेल, आजी, तू कशावर बसलीयेस? काय सांगू तिला? ते चिडवणं आणखी एक पिढी चालायला नको. पुसून टाक. नुसती मी राहू दे."

"उद्या या," मी म्हटलं. "गाठोडं होतं हेसुद्धा विसराल."

त्या गेल्यावर मी फोटो स्कॅन केला, गाठोडं रंगवलं आणि बटण दाबलं. पडदा गेला. मागे साधी भिंत आली आणि बाळाखाली वेताची खुर्ची आली. खुर्ची सुरेख होती, एके ठिकाणी वेत उसवलासुद्धा होता. पण मावशींना नुसतं बाळ हवं होतं, म्हणून मी खुर्ची पुसली. यंत्राने उशी ठेवली. उशी पुसली, तर लाकडी पेटी आली आणि बाळ तिला टेकलं. तीही पुसली. शेवटी मी लिहूनच सांगितलं, बाळाच्या मागे-खाली काहीही नको. तर त्याने एक हात काढला. नुसता हात, फोटोच्या कडेतून आत आलेला, बाळाच्या पाठीला आधार देणारा.

"अरे, सांगितलेलं कळतं का तुला?" मी ओरडले. घरात ओरडायला कुणी नसलं की मी यंत्रावर ओरडते. "सारखा तिला आधार कशाला देतोयस?"

उत्तराची वाट बघायला मी थांबले नाही, कारण तेवढ्यात दार उघडलं. एक तरुण जोडपं तान्ह्या मुलाला घेऊन पासपोर्टचा फोटो काढायला आलं होतं. तान्ह्या मुलाचा पासपोर्ट फोटो ही आमच्या धंद्यातली शिक्षा आहे. मागे पांढरं हवं, मान सरळ हवी, डोळे उघडे हवेत, आणि फोटोत दुसरं कुणी दिसता कामा नये. ज्याची मान अजून डुगडुगते त्याला हे कोण सांगणार? त्यावर आमचा उपाय ठरलेला. आईला स्टुलावर बसवायचं, तिच्यावर डोक्यापासून पांढरी चादर टाकायची, आणि चादरीआडून तिने मुलाला धरायचं. मी हे इतक्यांदा केलंय की आता त्यात डोकं लागत नाही.

"माझे केस विसकटतील का हो?" मुलाची आई म्हणाली.

"विसकटले तरी कुणाला दिसणारेत? तुम्ही फोटोत नाही आहात," मी म्हटलं आणि चादर टाकली.

कॅमेऱ्याला डोळा लावला. मूल दिसलं. त्याच्या मागे आणि खाली पांढरं, ओबडधोबड, वर निमुळतं, खाली पसरलेलं काहीतरी दिसलं. गाठोडं.

 मी डोळा काढला, पुन्हा लावला. चादरीच्या कडेतून बोटं बाहेर आली होती आणि मुलाच्या पोटावर घट्ट बसली होती.

"झालं का?" गाठोडं म्हणालं. "गुदमरायला होतंय."

 एवढासा जीव, त्याला अजून बसतासुद्धा येत नाही. त्याला कुणीतरी धरलेलंच असणार. हे यंत्र मला सकाळपासून तेच सांगत होतं, खुर्ची ठेवून, उशी ठेवून, शेवटी हात काढून. आणि मी, दोन मुलं मांडीवर वाढवलेली बाई, बटणं बडवत त्यालाच शिव्या घालत होते.

"ताई?"

"झालं, झालं," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे बटण दाबलं. त्या मुलाचा फोटो चांगला आला.

ते गेल्यावर मी मावशींचा न पुसलेला फोटो उघडला आणि बाळाच्या पोटाजवळचा पाण्याचा डाग मोठा केला. हे काम मी यंत्राला दिलं नाही. ते तिथे बोटंही काढेल आणि मागितली तर फुलंही काढेल. जुन्या पद्धतीने मीच उजेड-अंधार कमी-जास्त करत, डाग थोडा थोडा फिका करत गेले. डागाखालून झग्याच्या झालरी वर आल्या. झालरींवर, पडद्याच्या दुमडीतून निघालेली, चार बोटं वर आली. ती कुणी काढली नव्हती. ती तिथे होतीच.

"नाना!" मी अशी हाक मारली की समोरचा किराणावाला बाहेर येऊन बघायला लागला.

नाना नुकतेच दवाखान्यातून परतले होते. रुमालाने डोळे टिपत आत आले. "आग लागली की काय?"

"इथे बसा. एकदाच बघा. हे यंत्राने काढलेलं नाही, शप्पथ."

ते कुरकुरत बसले आणि सवयीने खिशातलं भिंग काढलं. मी म्हटलं इथे भिंग लागत नाही, आणि ती बोटं स्क्रीनभर मोठी केली. नाना वाकले. किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मग भिंग खिशात ठेवून म्हणाले, "पडद्यातली आई."

"म्हणजे?"

"माझे गुरू असंच म्हणायचे. जुन्या कॅमेऱ्यापुढे जरा हललं की फोटो फुकट. आणि मूल तर हलणारच. मग आईला पडद्यात गुंडाळायचं आणि तिच्या मांडीवर मूल द्यायचं. ती बिचारी श्वास रोखून धरून बसायची. मी शिकायला लागलो तेव्हा ते बंदच होत आलं होतं, पण पडदे झटकलेत मी. पडदा काढला की आतून घामाघूम बाई निघायची, आणि पहिलं काय विचारायची माहितीये? माझं बाळ छान आलं ना?"

मी त्यांना मावशींची सगळी गोष्ट सांगितली.  त्या घरातली पोरं जिला बघून हसली, जिच्यावरून मावशी रडल्या, ती त्यांची आईच होती. मावशी आयुष्यभर रस्त्यातल्या बायकांमध्ये आईला शोधत हिंडल्या, आणि आई त्यांच्याच पेटीत, त्यांच्याच पोटावर हात ठेवून बसली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण एवढा वळसा कुणाला पडलेला मी पाहिला नव्हता.

मग माझ्या मनात आलं ते आलंच. ज्याने बसमागच्या पायऱ्या दाखवल्या, त्याला पडद्यामागची बाई दाखवता येणार नाही? मी पडदा रंगवला आणि लिहिलं, हा काढ, आतली बाई दाखव. नाना "अगं, अगं" म्हणेपर्यंत बाई आली.

तरुण बाई. केस मागे बांधलेले, कानाजवळ एक बट सुटलेली. ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊ की नको करत थांबलेलं. डोळ्यांत स्टुडिओच्या दिव्याचा बारीकसा ठिपका. गालांची ठेवण थेट मावशींची. ती आमच्याकडे बघत होती. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. जिचा चेहरा आठवणारं एकही माणूस जगात उरलेलं नाही ती बाई श्वास घेत समोर बसली होती.

"कोण ही?" नानांनी विचारलं.

मी पुन्हा बटण दाबलं. दुसरी आली, तितकीच जिवंत, जरा लांब नाकाची. पुन्हा दाबलं. आणखी एक आली, हिच्या गालाला खळी. सगळ्यांच्या डोळ्यांत तोच दिव्याचा ठिपका.

"कुणीच नाही," मी म्हटलं.

"माहीत नसलं की आपण निदान झाकली मूठ ठेवतो," नाना म्हणाले. "याला मूठ झाकताच येत नाही." पण बोलताना त्यांचा आवाज खाली आला होता आणि डोळे स्क्रीनवरून हलत नव्हते. मग एका कारागिराने दुसऱ्याबद्दल बोलावं तसे पुटपुटले, "हात काय आहे पण लेकाचा."

मला पहिली बाई पुसवेना. मी ती बाजूला ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी मावशी यायची वेळ झाली. बोटं दाखवायची हे नक्की होतं. चेहऱ्याचं काय करायचं ते ठरत नव्हतं. एका बाईला आयुष्यभर आईचा चेहरा हवा होता, आणि तो माझ्या हाताशी होता. खोटा होता, पण त्याला खोटा म्हणणारं कुणी नव्हतं. काकू नाही, बाप नाही. मी नुसतं "ही बघा तुमची आई" म्हटलं असतं तरी ती लेकीच्या भिंतीवर गेली असती, नात तिला पणजी म्हणाली असती, आणि खरी आई पुन्हा एकदा, यावेळी कायमची, झाकली गेली असती.

मावशी आल्या त्या गळ्यात टेप तशीच ठेवून, हातातलं शिवण टाकून. "गेलं का गाठोडं?"

 मी तोंड उघडायच्या आत नानाच उठले. "थांबा टेलरबाई," ते म्हणाले, माझ्या स्टुलावर जाऊन बसले, हातात उशी घेतली आणि पांढरी चादर स्वतःच्या डोक्यावरून ओढून घेतली. चादरीच्या कडेतून त्यांची सुरकुतलेली बोटं बाहेर आली आणि त्यांनी उशी धरली.

मावशी आधी हसल्या. "अहो, हे काय नाना, या वयात..." मग थांबल्या. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी चादरीकडे पाहिलं, स्क्रीनवरच्या पडद्याकडे पाहिलं, पुन्हा चादरीकडे. मग झालरींवरच्या त्या चार बोटांकडे.

"आत आहे?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी."

"ही आत आहे?"

"आतच होती."

त्यांनी हात पुढे केला, पण स्क्रीनला लावला नाही. जरा अलीकडेच धरून ठेवला. "हात केवढासा आहे गं," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीचा हात याहून मोठा आहे. पोरच होती की ही." आणि थोड्या वेळाने, मी ज्याला घाबरत होते ते आलंच. "चेहरा नाही का दिसणार?"

"यंत्र दाखवतं," मी म्हटलं. "पण तो तिचा नाही मावशी. ते त्याच्या मनाने काढतं. दुसऱ्यांदा विचारलं की दुसरा काढतं."

"दाखव."

मी दाखवला. मावशी बघत राहिल्या. त्यांचा चेहरा इतका मऊ झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. मला वाटलं, संपलं. आता या बाईंना ही घरी न्यायची आहे, आणि मला नाही म्हणता येणार नाही.

"किती छान आहे," मावशी म्हणाल्या. "पडदा परत आण बघू. शेजारी ठेव दोन्ही."

मी ठेवले. त्यांचं बोट पडद्यावरून फिरायला लागलं, कापायच्या टेबलावर पसरलेल्या कापडावरून फिरतं तसं, चुण्यांच्या मागोमाग.

"ही तुझी बाई ताठ बसलीय," त्या म्हणाल्या. "मान वर, खांदे सरळ. तशी असती तर कापड डोक्यावरून दोन्हीकडे सारखं पडलं असतं. इथे बघ. पुढे झोळ पडलाय आणि मागे मानेवर कापड ताणलंय. म्हणजे डोकं खाली आहे. चांगलं खाली. आणि हा खांदा उतरलाय, माझा उतरतो तसा." त्यांचं बोट पडद्याच्या टोकावर आलं आणि तिथून बाळाच्या टाळूकडे उतरलं. मध्ये जेमतेम वीतभर अंतर असेल. बोट तिथेच थांबलं.

"ती फोटोसाठी बसलीच नव्हती गं," त्या म्हणाल्या. "ती माझ्याकडे बघत होती."

माझ्यातल्या फटकळ बाईने तोंड उघडलंच. "एवढ्या जाड पडद्यातून काय दिसणार मावशी? आत अंधार असेल."

"दिसतं," चादर म्हणाली. नानांना आम्ही विसरूनच गेलो होतो. ते अजून उशी धरून तसेच बसले होते. "स्टुडिओत दिवे लावलेले असतात. बाहेर उजेड असला की आतून विणीतून सगळं दिसतं. बाहेरून तेवढं आतलं दिसत नाही. मला आत्ता तुम्ही दोघी चांगल्या दिसताय. टेलरबाई रडताहेत."

मावशी खरंच रडत होत्या. मी वळून पाहिलं तेव्हा मला कळलं. मी एवढी वर्षं लोकांच्या फोटोतून नको ते काढतेय, पण नको असलेलं काही असं डोळ्यांसमोर कुणाचं तरी आपलं होताना मी पाहिलं नव्हतं. यंत्राने बसमागच्या पायऱ्या दाखवल्या तेव्हा मी गप्प झाले होते. आता या बाईंनी त्याच काळपट कापडात मान, खांदा आणि नजर वाचली होती, आणि त्यातलं काहीही मनाने काढलेलं नव्हतं. मी तेव्हापेक्षा जास्त गप्प झाले.

"हिला पुसून टाक," मावशी त्या सुंदर बाईकडे बोट करून म्हणाल्या. "गुणी दिसते. पण माझी नाही."

मी बटण दाबलं. बाई गेली.

"आणि गाठोडं?"

"त्याला हात लावून तर बघ," मावशी म्हणाल्या. "डाग तेवढा काढ. बोटं दिसली पाहिजेत. मोठा कर फोटो, लेकीच्या भिंतीवर मावेल तेवढा." मग त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि थोरल्या चुलत बहिणीला लावला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती स्वतःच ओरडून बोलते. "काय गं गाठोडे!" हे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, चादरीची घडी घालणाऱ्या नानांनासुद्धा.

"ताई, ऐक," मावशी म्हणाल्या. "मी गाठोड्यावर नव्हते."

"काय?"

"नव्हते गाठोड्यावर. फोटोत. मांडीवर होते."

"काय म्हणतेस? मोठ्यानं बोल गं, काही कळत नाही!"

मावशी उठल्या, स्टुडिओच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, आणि गळ्यातली टेप एका हाताने घट्ट धरून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "आईच्या मांडीवर होते!"